आईच्या सहीविषयी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी सांगितले की, सोलापूरच्या ज्या इस्पितळात आईच्या साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, तिथे मधुमेहाच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होत आहे, डॉक्टरांनी त्यासाठी आईचे नाव सुचवले आहे, औषधे, तपासण्या आणि जाण्यायेण्याचे भाडे असे सगळे फुकट आहे आणि पुढच्या सोमवारी जाऊन सही करून यायचे ठरले आहे. मी विचारले, "आईचे काय म्हणणे आहे?" तेव्हा मागून आईचा आवाज आला, "मला काय कळतंय त्यातलं, ह्यांनाच विचार." त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते तर बोलणे वादावर गेले असते, आणि मला वाद घालायचा नाही.

गेली अकरा वर्षे मी अशा चाचण्यांसाठी लोकांची संमती घेण्याच्या कामात आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण मी दिवसभर नेमके काय करते, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितले नाही. माझ्या टेबलापलीकडे रोज कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी वडील बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर मी एक माहितीपत्रक ठेवते. ते वाचून दाखवते, थांबते, "आता मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा," असे म्हणते. पुष्कळ जण मान डोलावतात आणि पेन मागतात. त्या घटकेला पेन पुढे न करता पुन्हा पहिल्या पानावर जाणे, एवढेच खरे तर माझे काम आहे. हे मी परक्या माणसांसाठी रोज करते आणि माझ्या आईच्या बाबतीत ते झाले की नाही याची चौकशीही करत नाही, हे मला फार लागले.

आता एक जुनी गोष्ट लिहिते. बाबा, ती वाचून मनाला लावून घेऊ नका. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना मला १९९८ सालची आईची फाइल सापडली. त्यात पिवळा पडलेला एक छापील कागद आहे. वर आईचे नाव आणि वय, ३९. खाली इंग्रजीत दोन ओळी, आणि "रुग्ण अथवा नातेवाईक" या शब्दांपुढे निळ्या शाईत तुमची पूर्ण सही. आईची सही त्या कागदावर कुठेही नाही. तो दिवस मला आठवतो, कारण मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते. अंगावरून जाणे थांबत नाही म्हणून आईला नेले होते. एक बाई कागद घेऊन आल्या, त्यांनी बोट ठेवून "इथे सही करा" म्हटले, तुम्ही विचारलेत, "धोका काही नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो, नेहमीचंच आहे," आणि तुम्ही पेन खिशाला लावलेत. सगळे मिळून मिनिटभरही लागले नसेल. गर्भाशयाची पिशवी काढली हे आईला शुद्धीवर आल्यावर कळले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती, हे तर तिला अनेक वर्षांनी, मनगट मोडल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी ती फाइल वाचली तेव्हा कळले. अंडाशये लवकर काढली की हाडांची झीज लवकर सुरू होण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट कोणी तिला १९९८ मध्ये सांगितली असती, तरी तिने कदाचित शस्त्रक्रियेला होच म्हटले असते. पण तो हो तिचा असता. आणि नंतर हाडांची काळजी घ्यायची आहे, एवढे तरी तिला ठाऊक असते.

तुम्ही वाईट हेतूने काही केले नाहीत. तुम्ही घाबरलेले होता, आणि त्या काळी नवऱ्याची सही हाच दस्तुर होता. मात्र तो दस्तुर होता, कायदा नव्हता. दिल्लीत १९९५ मध्ये जवळजवळ असेच घडले होते. ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंना दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व अंडाशये काढून टाकण्यात आली. त्या बाई लढल्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की, रुग्ण सज्ञान आणि स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ असेल, तर तिच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही; तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे; जीव वाचवण्यासाठी थांबणे शक्यच नसेल, तर गोष्ट वेगळी. नुकसानभरपाई फक्त २५,००० रुपये मिळाली, आणि ती मला आजही फार तुटपुंजी वाटते. परंतु भूल उतरेपर्यंत थांबा, शुद्धीवर येऊ द्या आणि तिलाच विचारा, ही गोष्ट त्या निकालाने स्पष्ट शब्दांत सांगितली.

आपल्याकडे तरीही किती थांबतात, हे बीडने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची माहिती घेतली, तेव्हा ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकींना "ठेवली तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती. भीती घालून घेतलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही. त्या बातम्या आल्या तेव्हा आई वर्तमानपत्र घडी करून म्हणाली होती, "माझं तरी काय वेगळं झालं?" तुम्ही दोघेही त्यानंतर काही बोलला नाहीत, आणि मीही बोलले नाही.

आता सोमवारच्या कागदाविषयी. सर्वांत आधी हे लक्षात घ्या की, हा उपचाराचा कागद नाही, संशोधनाचा आहे. उपचारात डॉक्टर आईकडे पाहून औषध ठरवतात. चाचणीत बहुधा चिठ्ठी काढावी तसे ठरते की कोणाला नवे औषध मिळेल आणि कोणाला जुने किंवा औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी मिळेल. पुष्कळदा कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही माहीत नसते. यात फसवणूक नाही; औषध खरोखर गुण देते का, हे कळण्याचा तोच प्रामाणिक मार्ग आहे. आई आज ज्या गोळ्या घेते, त्यादेखील कोणीतरी अशा चाचण्यांत भाग घेतला म्हणूनच तिच्यापर्यंत आल्या. तेव्हा मी चाचणीच्या विरोधात नाही. "मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला नवे, भारी औषध देऊ केले आहे," या समजुतीवर सही होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

बाबा, तुम्ही फोनवर "फुकट" हा शब्द तीनदा म्हणालात. अमेरिकेत अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, होता, आणि हे त्यांना सांगितले गेले नाही. तुमचे "रक्त खराब" आहे, एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे होते, तेव्हा त्यांना पत्रे गेली की ही खास मोफत उपचाराची शेवटची संधी आहे. तो उपचार नव्हताच. उपदंश बरा करणारे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हेच पाहायचे होते. सोलापूरचे डॉक्टर तसे आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. आज आपल्याकडे औषधचाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, चाचणी योग्य रीतीने होते का हे पाहणारी नीतिसमिती आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. पण "फुकट" हा शब्द ऐकला की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात, हे मी माझ्या टेबलावर रोज पाहते.

त्या कागदाच्या सुरुवातीला आईचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि एका वारसाचे नाव व नाते लिहायचे असते. तिथे लोक बँकेच्या फॉर्मसारखे पटकन लिहून टाकतात. ते वारसाचे नाव कशासाठी, तर चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, असे फार क्वचित घडते. परंतु ती ओळ कशासाठी आहे हे माहीत असूनच ती भरली पाहिजे. त्याच्या खाली काही वाक्ये असतात आणि प्रत्येकापुढे छोटी चौकट असते. "मी कधीही कारण न देता बाहेर पडू शकते आणि त्यामुळे माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही," हे त्यांतले एक. त्या प्रत्येक चौकटीत आईने स्वतःची आद्याक्षरे करायची आहेत, एकेक वाक्य वाचून. आई सातवी शिकली आहे आणि रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी सही करण्याचा प्रश्नच येत नाही. मराठी प्रत मागा, सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी आणा.

दादा म्हणेल की औषध चांगले असेल तर एवढा कीस कशाला काढायचा. त्याला खम्ममची गोष्ट सांगा. तत्कालीन आंध्र प्रदेशातील त्या जिल्ह्यात २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस आदिवासी मुलींना देण्यात आली आणि अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. मी स्वतः माझ्या मुलीला ती दिली आहे. चांगल्या गोष्टीसाठीही परस्पर सही घेतली की लोकांचा त्या गोष्टीवरचाच विश्वास उडतो.

आपल्या घरात निर्णय सगळ्यांनी बसून होतात, आणि तसेच व्हावेत. आईने सगळे ऐकून, समजून घेऊन मग "तुम्हीच सांगा, काय करू?" असे विचारले, तर बाबा, तुम्ही जरूर सांगा. आधी तिला कळू द्या, मग विचार करू, एवढाच क्रम मला हवा आहे. आई, तू नाही म्हणालीस तर डॉक्टरांना वाईट वाटेल याची काळजी करू नकोस. तुझी नेहमीची तपासणी त्यामुळे अडणार नाही. आणि तू हो म्हणालीस, तर तुझ्याबरोबर पहिल्या दिवशी मी येईन.

त्यासाठी सोमवारची तारीख आठवडाभर पुढे ढकलायला डॉक्टरांना सांगा; विचार करायला वेळ मागणे हा हक्क आहे आणि चांगला संशोधक तो नाकारत नाही. फक्त माहितीपत्रक आधी मागून ठेवा. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मी येते. आईचा वाचायचा चष्मा जुन्या नंबराचा आहे, म्हणून शनिवारी सकाळी आधी नवा करून घेऊ आणि दुपारी जेवणानंतर ती स्वतः ते सगळे वाचेल.

आणखी एक. डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. बाबा, तुम्ही नेहमी पुढच्या खुर्चीत बसता आणि आई फाइल छातीशी धरून मागे उभी राहते. या वेळी पुढच्या खुर्चीत तिला बसू द्या. फाइल तुम्ही धरा.

तुमची,
ताई