घरातल्या कट्यारीला पॉलिश नको

खंडेनवमी जवळ आली की घरोघरची जुनी शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतात. आमच्या घरी पणजोबांपासून आलेली कट्यार आहे. मुठीत धरायचे दोन आडवे दांडे, बाजूच्या पट्ट्यांवर सोन्याच्या तारेची बारीक वेलबुट्टी. म्हणजे होती. गेल्या वर्षी हौसेने ती पॉलिशला दिली. चकचकीत होऊन आली, पण वेल गेली. बोटाने चाचपडले तर फक्त गुळगुळीत लोखंड लागते. आई बराच वेळ ती हातात घेऊन बसली होती.

नंतर जाणकारांकडून कळले, की या सोन्याच्या तारेच्या नक्षीकामात, म्हणजे कोफ्तगरीत, लोखंडावर बारीक रेघा ओरखडून त्यात तार ठोकून बसवतात. सोन्याचा थर इतका पातळ, की पॉलिशच्या फिरत्या चाकापुढे तो टिकतच नाही. जुन्या पोलादाच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ते जौहरही असेच पुसले जाते. चिंच आणि राखेने घासणेही तितकेच वाईट, चिंचेचा आंबटपणा लोखंड खातो. मऊ सुती कापड आणि हलक्या तेलाचा पातळ हात एवढे पुरे. पूजेचे हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसावे, आणि पाते मखमली म्यानात कोंडून ठेवू नये, ओल धरते.

संग्रहालयांतल्या जतनतज्ज्ञांनी दसऱ्याआधी गावोगावी एखादा दिवस मार्गदर्शनाला द्यावा आणि आपल्या दैनिकाने त्याला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. आमची वेल परत येणार नाही, पण इतरांच्या देवघरात अजून आहेत.

– एक वाचक, सातारा