आई, माती भेगाळते आहे

ठाणे, ७ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "महिनाभर शिकवायचं नाही, मग पगार कसला देतात गं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. कॉलेजने या महिन्यात मला तासांतून मोकळं केलंय. तळमजल्यावरची मोठी खोली दिलीय आणि सोबत आठ मुलं. याला आर्ट रेसिडेन्सी म्हणतात. अट एकच, काम शेजारच्या जंगलातून यायला हवं. शेजारचं म्हणजे येऊरचं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. एकूण १०४ चौरस किलोमीटरचं रान. कडेला इमारती अगदी भिडलेल्या आणि आत बिबटे. पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला मानतात. वाघबारशीला बाबा नारळ घेऊन निघतात, त्याची फार आठवण आली.

आम्ही सकाळी लवकर जातो. तिथली काडीसुद्धा उचलायची नाही. बघायचं आणि कागदावर उतरवायचं. शाई मात्र आपल्या घरची. बाबा, तुम्ही दिवाळीत दिलेला बाळहिरडा कुटून पाण्यात उकळला आणि त्यात गंजके खिळे टाकून दोन दिवस ठेवला. हिरड्याचा तुरटपणा लोखंडाला लागला की पाणी काळं होतं. रेघ ओढताना शाई फिकी, राखाडी दिसते आणि वारं लागलं की बघता बघता कागदावर काळी होत जाते. मुलं ते बघायला माझ्याभोवती गोळा होतात. ज्या हिरड्यासाठी तुम्ही उन्हाळाभर झाडांवर चढलात आणि व्यापारी देईल तो भाव घेतलात, त्याची रेघ किती सुंदर येते ते तुम्हाला दाखवायचंय.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी, २०२४ ला, इथे कारवी फुलली होती. मी फोटो पाठवले होते बघा. त्याआधी २०१६ ला फुललेली. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. ती जांभळी फुलंच रंगवायची असं ठरवून मी आले होते, तीन मोठी चित्रं केलीही. पण डोंगरावर आता फूल नाही. वाळल्या काड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या बुडाशी बोटभर रोपं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, या मेलेल्या काड्यांचं काय होतं?"

मी म्हटलं, "घर होतं. आमचं झालं होतं."

सांगून गेले आणि मला पुढे बोलता येईना. बाबा, अकरावीत असताना मी तुमच्यामागे लागले होते की हा कारवीच्या काड्यांचा, मातीने लिंपलेला कुड काढा, विटांची भिंत घाला, मैत्रिणी येणार आहेत. तुम्ही एका शब्दानेही काही बोलला नाहीत. सोसायटीचं कर्ज काढलंत आणि पावसाआधी भिंत उभी केलीत. कर्ज किती वर्षं फेडलंत ते मी कधी विचारलं नाही. आई, तू त्या कुडाला दर सणाला लिंपणाचा हात द्यायचीस. तो मोडताना तू दिवसभर शेतावर का थांबलीस, तेही नाही विचारलं. मला माफ करा. हे फोनवर बोलता आलं नसतं.

ती तीन चित्रं मी भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलीत. आता आम्ही कुड घालतोय, सहा फूट उंच आणि दहा फूट लांब. मुरबाडकडच्या एका मुलाने घरून कारवीचा अर्धा भारा आणला. बांबूच्या कांबट्या आडव्या घेतल्या, वाखाच्या दोरीने बांधलं, इथवर जमलं. लिंपणात अडलो. शिल्पाच्या वर्गातली शाडू वापरली, दुसऱ्या दिवशी भेगाळली आणि तिसऱ्या दिवशी पोपडे सुटून खाली. मग लाल माती घेतली, शेण घातलं, तरी तेच. आई, तू भाताचा तूस घालायचीस ना? किती? आणि माती किती दिवस कुजवायची? मागे विचारलं तर म्हणालीस, "हाताला कळतं." माझ्या हाताला कळत नाही गं. मुलांच्याही नाही.

म्हणून तुम्ही दोघं या. प्रिन्सिपल सरांशी बोलले आहे. आई शिकवेल, मुलं लिंपतील, तिला खुर्चीवरून उठायची गरज नाही. खोली तळमजल्यावर आहे, गुडघ्यांना जिना नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, डॉक्टरांना मी विचारलंय, प्रवास चालेल म्हणाले.

बाबा, आपल्या बांधावरची वाळकी कारवी मिळाली तर एक भारा बांधून ठेवा, उभी ओली तोडू नका. गोठ्याच्या मागची कुडाची बाजू अजून आहे ना? तिचा फोटो दादाला काढायला सांगा, गाठ कशी मारली आहे ते जवळून दिसू दे. तुसाचं एक पोतं. आपल्या विहिरीजवळची माती दोन घमेली, आई म्हणेल ती.

राजूरहून एसटीत सामान चढवू नका. पुढच्या शनिवारी मी टेम्पो घेऊन घरीच येते, दहापर्यंत पोचेन. नाचणीची भाकरी करून ठेव.

तुमची,
सुमी