सूक्ष्मदर्शक दवाखान्यातच हवा : पुणेकरांना आवाहन

ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत आमचं महिला मंडळ दर शनिवारी दवाखाना चालवतं. कंबरदुखी, थकवा असं सगळं सांगून झालं की बाई उठता उठता हळूच म्हणते, "अंगावरून पांढरं जातं." तोवर महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं असतं.

या तक्रारीमागे कधी बुरशी असते, कधी जिवाणू, तर कधी ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी. तो शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ कोटी ६० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. मात्र गरोदरपणात तो असला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची शक्यता वाढते, आणि एचआयव्हीचा धोकाही.

औषध स्वस्त आहे. अडतं ते निदानापाशी. ताजा स्राव सलाइनच्या थेंबात मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिला, तर हा जंतू शेपट्या हलवत झटके देत फिरताना दिसतो. पण नमुना थंड झाला की त्याची हालचाल थांबते आणि तो पांढऱ्या रक्तपेशींमध्ये ओळखू येत नाही. आमचे नमुने रिक्षाने लॅबला जातात. स्टेशनच्या गर्दीतून ते पोचेपर्यंत तपासण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा (बायनॉक्युलर) एक सूक्ष्मदर्शक हवा आहे. जुना चालेल, पण चाळीसची (चाळीस पट मोठं दाखवणारी) लेन्स स्वच्छ हवी. काचपट्ट्या, सलाइन, हातमोजे आणि तपासणीच्या टेबलापुढे लावायला जाड पडदाही हवा. (पडदा नाही म्हणून परत गेलेल्या बायका आहेत.) स्लाइड वाचता येणारे निवृत्त तंत्रज्ञ शनिवारचे दोन तास देतील का?

काचेखाली बरेच रुग्ण सुटतातही. त्रास आहे पण स्लाइडवर काही दिसत नाही, अशांसाठी स्रावातल्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी लागते. ती महाग असल्यामुळे देणगीचा मोठा भाग तिथेच जाईल.

आणखी एक मागणी, जरा अवघड. नवऱ्याने औषध घेतलं नाही तर बाईला पुन्हा लागण होते. त्याच्याशी, दोष न देता, बोलू शकणारे पुरुष डॉक्टर आम्हाला हवे आहेत. आमच्या ताई बोलायला गेल्या की दार उघडतं, पण नवरा कामावर गेलेला असतो, रविवारीसुद्धा!

देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी, पावती मिळेल. वस्तू शनिवारी दवाखान्यात आणून द्याव्यात. कोणत्याही रुग्णाचं नाव वा फोटो देणगीदारांना दाखवला जाणार नाही, कृपया तसा आग्रह धरू नये.