पुडक्याचे पैसे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका साहेबांनी लिहिलं की गडचिरोलीत नक्षलवाद वाढला तो गरिबीमुळे, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. नुसत्या गरिबीने माणूस बंदूक उचलत असता तर मेळघाटात कुपोषणाने लेकरं गेली तिथे कोणी का नाही उचलली, जंगल तर तिथेपण आहे ना. अन २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या ६ जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्या यवतमाळ, वर्ध्याकडच्या शेतकऱ्यांनी कर्जापायी विषाचा डबा स्वतःच्याच तोंडाला लावला.

आमच्याकडचं सांगतो. मी धानोरा तालुक्यातला. मे महिन्यात माय पहाटेच तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, तोडायला निघायची, मी मागे मागे. दुपारी अख्खं घर बसून ७० पानांचं एक पुडकं असं बांधायचं अन सांजच्याला फळीवर, म्हणजे पुडके मोजून घ्यायच्या जागी, न्यायचं. फळीमुन्शी शंभरामागे ५ पुडके फुकट घ्यायचा, वरून पान बारीक आहे म्हणून अजून १०-१५ बाजूला टाकायचा, अन ते बाजूला टाकलेले परत नाही द्यायचा बरं का. माय कधी काही बोलली नाही, काळी झालेली बोटं पदराला पुसत बसायची. जंगलातून सरपण आणलं तर फॉरेस्ट गार्डला कोंबडी द्या, अन तक्रार करायची म्हटलं तर त्याच गार्डकडे करा.

१९८० च्या सुमारास आंध्रातून दलम, म्हणजे नक्षल्यांच्या बंदूकवाल्या टोळ्या, आले ते पुडक्याच्या भावावर बोलले, भाव वाढला पण, म्हणून लोकांनी त्यांना जेवू घातलं. शेजारच्या राज्यांची बॉर्डर जवळ, लपायला जंगल, हेही कारण होतंच. पण पुढे त्यांनीच खबऱ्या म्हणून आमची माणसं मारली, अन १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला स्फोटात १५ जवान अन एक ड्रायव्हर गेले ते काय सावकाराघरचे पोट्टे होते का. मला अजून राग येतो त्याचा.

भाव मिळवायचा दुसरा रस्ता आमच्याच तालुक्यात आहे. मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलातला माल गावाने विकायचा हक्क, मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकायला लागली. ते पाहूनच आमच्या गावाने पण तेंदूचा लिलाव स्वतः करायचं ठरवलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती ६० जणांना घेऊन गडचिरोलीत शरण आला, लय चांगलं झालं. पण साहेब, आमच्या ग्रामसभेचे २ सीझनचे पैसे ठेकेदाराने थकवलेत, आम्ही तालुक्याला ३ अर्ज दिले, दरवेळी शिक्का मारून कॉपी हातात देतात अन या म्हणतात. म्हणजे मायच्या टायमाला ऐकणारं कोणी नव्हतं तसंच आताही चालू आहे. कलेक्टर साहेबांनी पुढच्या मे आधी ही वसुली करून द्यावी, अन डिपॉझिट भरल्याशिवाय कोणत्याच ठेकेदाराला फळी उघडू देऊ नये. तिन्ही अर्जांच्या कॉप्या सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक तेंदू मजूर
ता. धानोरा, जि. गडचिरोली