टर्बो पिकअपला हेडर नको, आधी पॅकिंग पाहा

मा. संपादक,

पिकअपची ओढ कमी झाली की ऑनलाइन ‘हेडर’ (मॅनिफोल्डच्या जागी बसणारा सुट्या नळ्यांचा संच) मागवून घरीच बसवायची टूम साताऱ्याच्या तरुण गाडीवाल्यांत शिरली आहे. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, असलेल्या डिझेल गाडीला त्याचा उपयोग नाही. हेडरच्या लांब, सुट्या नळ्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला मदत करतात; टर्बोला मात्र गरम आणि दाबाखालचा धूर लागतो. नळी लांबली की उष्णता वाटेतच जाते आणि टर्बो उशिरा फिरतो. शिवाय ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात नेणारा, पाइप कुठे जोडणार? नियमात न बसणारा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, ते वेगळेच.

यवतेश्वरच्या चढाला भरलेली गाडी काळा धूर सोडते, सकाळी थंड इंजिन टकटक वाजते आणि गरम झाल्यावर आवाज थांबतो, तर आधी मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाच्या हेडमधून निघणारा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाचे, पॅकिंग (गॅस्केट) पाहा. तिथला दाब टर्बोआधीच निसटतो, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते. हेडचा जोड टॉर्चच्या उजेडात पाहिला की काजळीचा पट्टा दिसतो. बहुधा टोकाचा स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटलेला असतो, कारण तापल्यावर मॅनिफोल्ड टोकांकडे सर्वांत जास्त सरकतो. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटून पाइपचे वजन मॅनिफोल्डवर आले असेल, तर नवा स्टडही टिकणार नाही. आणि ऊस खाली करून तापलेली गाडी थेट वॉशिंगला नेणाऱ्यांना काय म्हणावे! बिडाच्या तापल्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडले की त्याला चीर जाते. अशा चिरेवर साध्या रॉडने वेल्डिंग केले, तर शेजारी दुसरी चीर पडते.

घरी पॅकिंग बदलायचे तर आदल्या रात्री मॅनिफोल्डच्या सर्व नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खाली शिरायचे असल्यास गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. टर्बोच्या ऑइल पाइपला तांब्याचे वॉशर असतात, ते नवेच घ्या. टर्बोची उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने बांधा. आत पडलेला एक वॉशर टर्बोची पाती खातो.

नट हलत नसेल तर जोर लावू नका. आधी थोडा घट्ट, मग थोडा सैल, असा खेळवत काढा. तरीही स्टड तुटलाच आणि टोक बाहेर असेल, तर त्यावर नट वेल्ड करावा. त्या उष्णतेने गंज सुटतो आणि तुकडा पान्याने फिरतो. हेडच्या आतच तुटला तर मात्र हँडड्रिल घेऊन बसू नका. ड्रिल तिरके गेले की हेडचे आटे जातात आणि शंभरांचे काम हजारांवर जाते. ते लेथवाल्याकडेच द्या.

मॅनिफोल्ड उतरला की तोंडावर सरळ पट्टी धरून फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.२० मि.मी.ची पाती आत जात असेल, तर एमआयडीसीत फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या. वाकड्या तोंडावर नवे पॅकिंगही जळते. जुने पॅकिंग परत वापरू नका. सिलिकॉन तर अजिबात लावू नका. ते जळून कपचे टर्बोत जातात. हार्डवेअरच्या दुकानातले साधे नटही नकोत, उष्णता सोसणारे कंपनीचेच घ्या.

नट मधून सुरू करून टोकांकडे, तीन फेऱ्यांत आवळा. ८ मि.मी.च्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावले असेल तर हात आणखी हलका ठेवा, नाहीतर स्टड ताणला जातो.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोत तेल पोहोचेपर्यंत रेस देऊ नका, दोन मिनिटे आयडलवरच राहू द्या. हे उघड्यावर करा. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झाले की नट पुन्हा तपासा. मॅन्युअलने मनाई केली नसेल तर सैल झालेले त्याच आकड्यावर आणा.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, सातारा