बाग पुन्हा रंगात आली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार

आई गेल्यावर 6 वर्षं बाग तशीच पडून होती. वेलींनी झाडं गिळली होती आणि तिचे लाडके क्रोटन, ती रंगीबेरंगी पानांची शोभेची झुडपं, सावलीत नुसते हिरवे होऊन उभे होते. मी ते उपटूनच टाकणार होते.

"उपटू नका ताई, वरच्या फांद्या छाटा, त्याला ऊन हवंय," असं कुंपणापलीकडून सांगणारे काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. छाटणीनंतरच्या कोवळ्या पानांवर आधी पिवळ्या शिरा उमटल्या, मग हळूहळू कडेने तांबूस रंग चढत गेला. त्या दिवशी मी तिथेच बसून रडले. आईचं झाड वाचलं, काका.

ओल्या गोणपाटात कॉर्डिलाइनच्या, म्हणजे रंगीत लांबट पानांच्या शोभेच्या झाडाच्या, दांड्या गुंडाळून फाटकाशी ठेवून गेलेलं कोण, अजून कळलं नाही. सोबत चिठ्ठी होती : बोटभर तुकडे करा, आडवे ठेवा, वर मातीचा पातळ थर द्या. 9 तुकड्यांतले 7 फुटले. पहिला कोंब तांदळाच्या दाण्याएवढा, गर्द किरमिजी!

केळीसारख्या पानांच्या हेलिकोनिया या फुलझाडाचा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडातून कापायचा, हे हातात विळा घेऊन दाखवणाऱ्या मावशी, क्रोटनचा चीक लागू नये म्हणून स्वतःचे हातमोजे मला देणारा दादा, आणि पोती भरभरून पालापाचोळा आणणारी मुलं, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.

कॉर्डिलाइनची रोपं आता कुंड्यांत लावून फाटकाजवळ ठेवली आहेत. ज्यांची त्यांनी हक्काने घेऊन जा.