स्वित्झर्लंड म्हणजे आपलं मुंबई सर्कल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "वॉट्सॅपवर तुकडे पाडून पाठवू नकोस, एकदा नीट लिही, मी प्रिंट काढून फाइलला लावतो." म्हणून हे पत्र. व्हिसा, विमा आणि आईच्या गोळ्यांच्या चिठ्ठीच्या मागे लावा. विषय एकच, युरोपात तुमच्या दोघांच्या फोनला नेट कुठलं घ्यायचं. तुमचं म्हणणं, "हॉटेलात फुकट वायफाय असतं, बाकी दिवसभर कशाला लागतंय?" त्याचं उत्तर शेवटी देते.

तुम्हाला आठवतं, मी पुण्यात शिकत होते तेव्हा तुम्ही साताऱ्याहून मुंबईला निघालात की एका टप्प्यानंतर फोनच उचलायचा नाहीत. उचललात तरी एवढंच, "कट कर, रोमिंग लागलंय!" फोन कंपन्यांच्या हिशेबात महाराष्ट्र-गोवा एक सर्कल, म्हणजे एक हद्द, आणि मुंबई वेगळं सर्कल. राज्य तेच, गाडी तीच, पण मुंबई जवळ आली की येणाऱ्या फोनलाही पैसे. इथलं गणित अगदी तसंच आहे. युरोपियन युनियनचे 27 देश आणि त्यांच्याबरोबर नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन असे आणखी काही, हे सगळं मिळून एक मोठं सर्कल. 15 जून 2017 पासून या सर्कलमध्ये इथल्या सिमला रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. 2022 मध्ये तो नियम 2032 पर्यंत वाढवलाय. म्हणून माझं इथलं, जर्मनीतल्या स्टुटगार्टचं सिम पॅरिसला, रोमला घरच्यासारखं चालतं.

आणि या सर्कलच्या ऐन मध्यात स्वित्झर्लंड बसलंय. ते युनियनमध्ये नाही, या नियमातही नाही. तुमच्या टूरचा कागद मी पाहिला. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, ब्लॅक फॉरेस्ट, मग स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, पुढे फाडुत्स, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. म्हणजे सगळ्यात जास्त मुक्काम नेमका 'मुंबई सर्कल'मध्ये. पॅकवर नुसतं 'युरोप' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबायचं नाही. देशांची यादी उघडून त्यात 'स्वित्झर्लंड' हा शब्द बोट ठेवून वाचायचा. तो नसेल तर पॅक कितीही स्वस्त असो, आपल्या कामाचा नाही.

मी हे एवढं का सांगतेय, तर माझे 59 युरो 50 सेंट गेलेत. 2018 च्या मे महिन्यात मैत्रिणींबरोबर कॉन्स्टान्झला गेले होते. मी स्वित्झर्लंडमध्ये गेलेसुद्धा नव्हते! कॉन्स्टान्झ जर्मनीतच आहे, पण गावाला लागूनच स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगन. घरं एकमेकांना चिकटलेली, दोन पेठांसारखी. तळ्याकाठी बसून आम्ही आइस्क्रीम खातोय आणि माझा फोन फोटो वर चढवतोय, पलीकडच्या टॉवरवरून. 'स्वित्झर्लंडमध्ये स्वागत' असा एसएमएस आला होता. मी म्हटलं, चुकून आला असेल, आणि पुसून टाकला. युरोपात नियम आहे, रोमिंगचा डेटा 50 युरोंवर गेला की कंपनीने तो आपोआप थांबवायचा. त्यावर 19 टक्के कर, झाले 59.50. तो नियम होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. तुमच्या भारतातल्या सिमला हा नियम लागू नाही, हे लक्षात असू द्या. आणि तुमची बस र्‍हाइनच्या धबधब्यापाशी जाणार आहे, तोही सीमेलगतच. फोनला सीमा दिसत नाही, त्याला जोरदार टॉवर दिसतो.

आता पर्याय. एक म्हणजे पॅरिसला उतरून तिथलं सिम घ्यायचं. हे मी सरळ बाद केलंय. विमानतळावरच्या काउंटरला भाव चढा असतो, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर टूर मॅनेजर झेंडा घेऊन पुढे निघालेला असताना तुम्ही पासपोर्ट काढून रांगेत उभे, हे चित्र मला नकोय. शिवाय त्यात एक मेख असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात जेवढे जीबी लिहिलेले असतात, ते बऱ्याचदा ज्या देशात सिम घेतलं तिथलेच. बाकी देशांत त्यातले थोडेच मिळतात, तो आकडा खाली बारीक अक्षरात. कारण सिमवाल्या कंपनीने दुसऱ्या देशाच्या कंपनीला प्रत्येक जीबीमागे घाऊक दराने पैसे मोजायचे असतात. 2022 मध्ये त्याची कमाल मर्यादा 2 युरो होती, दरवर्षी उतरत 2027 मध्ये 1 युरोवर येते. तोटा कोण सोसणार?

राहिले दोन पर्याय, आपल्या भारतातल्याच सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक, नाहीतर ई-सिम, म्हणजे फोनच्या आतलंच सिम. मी दोन्ही घ्यायचं ठरवलंय. एक बाबांच्या फोनवर, एक आईच्या.

बाबांचा नंबर बँकेला जोडलेला, त्यावर ओटीपी येणार. त्यांच्या फोनला ई-सिम चालतही नाही. तेव्हा त्यांच्यासाठी आपल्या कंपनीचा पॅक. महाग आहे, मान्य. पण नंबर तोच, सिम काढा-घाला नाही, आणि अडलं तर मराठी-हिंदीत विचारता येतं. चौदा दिवसांच्या टूरला दहा दिवसांचा पॅक घेऊ नका, तीस दिवसांचाच बघा. टूर संपल्यावर तीन आठवडे तुम्ही माझ्याकडेच आहात, घरी वायफाय आहे. पॅकच्या देशांच्या यादीवर कागद समोर घेऊन टिक करा. फाडुत्स ज्या लिश्टेनस्टाइनमध्ये आहे तो देश यादीत नसला तर घाबरू नका. बस तिथे थोडाच वेळ थांबते, तेवढ्यापुरता फोन फ्लाइट मोडवर टाका. व्हॅटिकनला इटलीचंच नेटवर्क मिळतं, त्याची काळजी नको. आणि मूळ रिचार्ज विसरू नका! पॅक आहे म्हणून 84 दिवसांचं साधं रिचार्ज मध्येच संपू दिलंत, तर ओटीपी येईनासे होतील. निघण्याआधीच नवीन मारून टाका.

विमानात मात्र दार बंद व्हायच्या आत फ्लाइट मोड. काही विमानांत विमानाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, जहाजांतही. फोन ते पकडतो आणि त्याचा दर आपल्या पॅकमध्ये धरलेला असेलच असं नाही.

आता आई, तुझा फोन. तुला दिलेला माझा जुना आयफोन 11 ई-सिम घेतो. तरी खात्री म्हणून फोन लावतो तिथे *#06# दाब. आकड्यांची एक पाटी येईल, त्यात ईआयडी म्हणून लांबलचक नंबर असला की झालं. त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव. ई-सिम म्हणजे वेगळं काही नाही, चिप आत आधीच आहे, आपण फक्त तिच्यात कंपनीची माहिती भरतो. त्यासाठी मी एक क्यूआर कोड पाठवीन, तो साताऱ्यातच घरच्या वायफायवर स्कॅन करायचा. तुझं नेहमीचं सिम जागेवरच राहील, म्हणून वॉट्सॅपचा नंबरही तोच. त्याने मध्येच 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर 'नाही' म्हण. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी 'हो' केलं होतं आणि महिनाभर भिशीच्या ग्रुपबाहेर होत्या.

मी घेतेय तो प्लॅन 10 जीबी, 30 दिवस, स्वित्झर्लंडसकट. पहिल्यांदा युरोपातलं नेटवर्क पकडलं की दिवस मोजायला लागतात, म्हणून आधी भरून ठेवायला हरकत नाही. यावरून फोन करता येत नाही, फक्त नेट. तुझे सगळे फोन वॉट्सॅपवरूनच होतात म्हणा.

इथे एक गुंता आहे आणि बाबा नक्की वाद घालणार. आईच्या फोनमध्ये दोन लाइनी दिसतील. नव्या ई-सिमचं 'डेटा रोमिंग' चालू ठेवायचं, जुन्या भारतीय सिमचं बंद. बाबा म्हणतील, रोमिंग म्हटलं की बंदच. नाही. ते ई-सिम कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं, ते फ्रान्समध्येही पाहुणं आणि इटलीतही. रोमिंग बंद केलंत तर पैसे भरून फोन मुका. उलट जुन्या सिमचं चालू राहिलं, तर ते गुपचूप नेट खाईल आणि आईच्या नंबरवर पॅक नाही. तिथेच 'अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग' नावाचं एक बटण आहे, तेही बंद. ते चालू असलं तर एका सिमला रेंज नसताना फोन आपल्या मनाने दुसऱ्यावर उडी मारतो. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, 3,454 मीटरवर, आगगाडी डोंगराच्या पोटातून चढत असताना रेंज जाणार, आणि नेमकी तेव्हाच तो उडी मारणार.

आता 10 जीबी पुरतील का? आई, तुला रोज दीड जीबीची सवय आहे. रात्री बाराला तो परत भरतो, म्हणून संपवल्याचं दुःख नाही. इथे तसं नाही. हे पिंपात भरून ठेवलेलं पाणी आहे, रोज नळ येणार नाही. नकाशा, मेसेज, फोटो पाठवणं याला फारसं लागत नाही. साध्या वॉट्सॅप कॉलला मिनिटाला जेमतेम एखादा एमबी. व्हिडिओ कॉल अर्धा तास केलास तर दीडशे-दोनशे एमबी धर. मावशीला रोज आल्प्स दाखवायचे असतील तर दाखव, पण हॉटेलात परत आल्यावर फोटो दाखव, बसच्या काचेतून लाइव्ह नको. खरी गळती दुसरीकडे आहे. वॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद कर. तुझ्या चार ग्रुपवरची सुप्रभातची फुलं आणि काकांचे आरोग्यावरचे व्हिडिओ हेच निम्मं पिंप रिकामं करतील. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर. कीर्तन यूट्यूबवरून आधीच डाउनलोड करून घे, तीन-चार दिवसांचं एकदम. प्रत्येक शहराचा नकाशाही साताऱ्यातूनच उतरवून ठेवा, तो नेटशिवाय उघडतो.

अडीअडचणीला नंबर 112, या सगळ्या देशांत, स्वित्झर्लंडमध्येही. आपल्याकडेही आता तोच आहे, त्यामुळे पाठ करायला नको. आणि बाबा, आयफेल टॉवरच्या तिकिटाला फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय चालतं. तुमचं तिकीट टूरवाल्यांनीच काढलंय, तरी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घ्याल हे मला माहितेय.

आता फुकट वायफायबद्दल. हॉटेलात मिळेल, रात्री. बँकेचं काही त्यावर करू नका. पण दिवसा काय? "एकाच फोनला नेट घे, दुसऱ्याला हॉटस्पॉट देऊ," हाही तुमचाच सल्ला. गणपतीपुळ्याला आई डोंगराच्या प्रदक्षिणेला निघाली आणि तुम्ही "मी इथेच थांबतो" म्हणून भलत्याच टोकाला थांबलात. दीड तास! ती देवळासमोर, तुम्ही नारळवाल्याकडे, आणि तुमचा फोन गाडीत चार्जिंगला. तिथे निदान नारळवाल्याला विचारता तरी आलं. व्हेनिसच्या गल्ल्यांत पाचव्या वळणावर एक थांबला आणि एक पुढे गेला की हॉटस्पॉट तिथेच तुटतो. म्हणून दोन फोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट. एक रुसलं तर दुसरं आहे. आणि दोघांनी एकमेकांना वॉट्सॅपवर लाइव्ह लोकेशन लावून ठेवायचं, सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या. आठ तासांचं लागतं. त्यात मलाही घाला, मी ऑफिसात बसून बघेन.

बाबा, एवढ्याशा नेटसाठी दोन-दोन खर्च कशाला, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगते, ई-सिमचे पैसे मी भरलेत. ते परत मिळत नाहीत, तेव्हा वापरावंच लागेल.

आई, कंदी पेढे थोडेच आण, सूटकेसमध्ये तळाशी नको. भडंग चालेल. रोमहून तुमचं विमान इथे संध्याकाळी उतरतंय, मी बाहेरच उभी असेन.

प्रिंट दोन्ही बाजूंनी काढलीत तरी चालेल. क्यूआर कोड आला की तो मात्र वेगळ्या कोऱ्या कागदावर घ्या, फाइलला भोक पाडताना त्यावर पाडू नका, आणि तो एकदाच चालतो, म्हणून "बघू काय होतंय" म्हणून बाबांच्या फोनने आधी स्कॅन करू नका.

तुमची,
मनू